नागसेनचे विसावे रक्तदान

१२ एप्रिल २०२४ रोजी नागसेनच्या नावाचा फ्लेक्स छापून आला. बिल ४५० रुपये. 'सलग वीस वर्षे रक्तदान', खाली तारीख १४ एप्रिल. एकोणीस वर्षे झाली होती, विसावे भीमजयंतीच्या शिबिरात व्हायचे होते. पण त्याच्या मित्राला, लहानूला, दम कुठला? त्याने आधीच उधारीवर फ्लेक्स घेतला.

बुटीबोरीची नोकरी सोडून नागसेन यंदा लडाखच्या खिंडीत बर्फ हटवणारा डोझर चालवायला गेला होता. सहा महिन्यांनी कालच तो घरी परतला होता.

"थंडीनं रक्त आटलं असंन," बायको प्रेमिला म्हणाली आणि त्याला बीट, खजूर, गूळ चारू लागली. रक्त कमी निघाले तर शिबिरातून परत पाठवतात, या धास्तीने तोही मुकाट्याने खात राहिला.

शिबिरात डॉक्टर भैरवीताईंनी बोट टोचून हिमोग्लोबिन पाहिले. १८.९.

"नाही घेता येणार."

"कमी भरलं काय, म्याडम?"

"जास्त भरलं."

"अबे, तुह्यात तं दोघांचं रक्त हाय," लहानू म्हणाला. "बीट बंद कर गा."

"बीटाचा दोष नाही," भैरवीताई हसल्या. "पेशींना प्राणवायूची कमतरता कळते. एक प्रथिन त्या सतत बनवतात आणि प्राणवायू पुरेसा असला की लगेच मोडून टाकतात. उंचावर प्राणवायू कमी पडला की ते मोडत नाही, साचत जातं. मग किडनी हाडांतल्या मगजाला निरोप धाडते, लाल पेशी वाढव. तुमच्या शरीरानं सहा महिने तेच केलं, म्हणून रक्त घट्ट झालंय; असं रक्त आम्ही घेत नाही."

"पण आता तं मी नागपुरात हाओ."

"किडनीला ते कळलंय, निरोप थांबलाय. पण बनलेल्या पेशी लगेच कुठं जातील? जूनमध्ये या."

नागसेनचा चेहरा पडला. "म्हंजे वीस वर्षांची ओळ तुटली."

"काहून तुटते?" लहानू म्हणाला. "वर्ष तं हेच हाय ना?"

जूनच्या पहिल्या रविवारी रक्तपेढीत आकडा निघाला १५.८. नागसेन ऐटीत खाटेवर पहुडला. उशाशी लहानू तोच फ्लेक्स धरून उभा होता. १४ एप्रिलवर त्याने कागद चिकटवून नवी तारीख लिहिली होती.

"हात हालवू नको," प्रेमिला म्हणाली, "फोटो काढून राहिली मी."

पिशवी भरली. बाहेर येऊन तिघांनी तर्री-पोहे खाल्ले.

लहानूने फ्लेक्सवाल्याला चारशे रुपये दिले. पन्नास अजून बाकी आहेत.