मंगेशने केलेली खलाशांची यादी

सात माणसं मी एका सकाळी पुसली. त्यात माझा नवरा होता.

आज मंगेशला जाऊन वर्ष झालं. माझा धाकटा दीर. कॉम्प्युटरचं काम करायचा. छातीत कळ आली नि गेला.

गोड गोड लिहायला मला येत नाही. चौथी शिकले मी. घडलं ते लिहिते.

आमची मासेमारीची बोट. मंगेशने आम्हाला मोबाईलवर उघडणारी वेबसाईट करून दिलेली. त्यात माणसांची यादी, नाव नि फोन. माणूस बोटीवर चढला की यादीतून त्याला खलाशी करायचं, बोटीचं नाव घालायचं, सेव्ह दाबायचं.

दोन वर्षांमागे सीझन उघडला. बोट दर्यात निघाली, तशी ह्यांच्यासकट सातही जणांना मी खलाशी केलं.

सेव्ह. सेव्ह. सेव्ह.

परत उघडून कोण बघतंय? गॅसवर भात होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला. सगळ्या बोटी बंदरात आल्या.

आमची नाही.

ह्यांचा फोन बंद. म्हटलं, बाकीच्या सहा जणांना लावू. यादी उघडली.

बोटीचं नाव सात वेळा. माणसांची नावं कोरी. फोन कोरे.

मंगेश घरातच होता. त्याला हाक मारली.

"मंगेशा, मेल्या, माणसं कुठं गेली?"

"काय दाबलंस वहिनी?"

"तू सांगितलंस तेच!"

लॅपटॉप घेऊन बसला. थोड्या वेळाने सापडलं त्याला.

"तुझी चूक नाही गो. माझी. डेटाबेसमध्ये खलाशी मी माणसावरूनच बनवलाय. खलाशी सेव्ह केला की त्याच्या आतला माणूसपण परत सेव्ह होतो. मी आत नाव-फोन भरलेच नाहीत. कोरा माणूस जुन्यावर जाऊन बसला."

"आधी बघितलं नाहीस?"

"नवीन माणूस घालून बघितलं, तेव्हा नाव तिथंच टाईप केलेलं. पण आपली माणसं पावसाळाभर किनाऱ्यावर जाळी शिवतात. यादीत आधीपासून असतात, नि तीच बोटीवर चढतात. दर्याकाठचा असून विसरलो."

टाईप करता करता थांबला. "वहिनी, दादाला काय झालं तर..."

"तोंड बंद ठेव. हात चालव."

चार दिवसांमागची कॉपी होती त्याच्याकडे. त्यातून नंबर काढले.

पाच फोन बंद.

सहावा लागला. आमच्या बोटीवरचा बबन. "अंजनवेलच्या समोर आहोत, इंजिन बंद, पाणी भरतंय..." नि कट.

तेवढं पुरलं. दुसरी बोट जाऊन ओढून घेऊन आली. सातही जण उतरले.

मंगेश जेट्टीवर खाली बसून रडला. ह्यांनी विचारलं, "ह्याला काय झालं? बुडत होतो आम्ही!"

त्याच संध्याकाळी त्याने दुरुस्त केलं. आता आधी माणसातलं सगळं खलाशात उतरतं, मग सेव्ह. मला बारा वेळा करून दाखवलं.

तरी मी घाबरते. यंदाचा सीझन उघडला. सेव्ह दाबते, परत उघडते, एकेक नाव मोठ्याने वाचते. चुकलं तर आता कोणाला शिव्या घालू?

मंगेशचं नाव अजून यादीत आहे. नुसता माणूस म्हणून. बोट लागायची त्याला, खलाशी कधी झालाच नाही.

हे परवा म्हणाले, "काढ आता ते."

डिलीटवर बोट नेलं. नाही दाबवलं.

"तुम्हीच काढा," म्हटलं.

ह्यांनी मोबाईल हातात घेतला, नाव बघत बसले, नि परत माझ्याकडे दिला.

मंगेशा, जा रे सुखाने. नाव राहू दे इथं.