शेवटचा सोपा चेंडू

मुलीकडे जर्मनीत आल्यापासून रविवारी मी घरासमोरच्या फुटबॉलच्या मैदानावर जाऊन बसतो. तिथल्या गोलकीपरला शिकवणारा माणूस पन्नाशी ओलांडलेला. एके काळी तो स्वतःच या संघाचा गोलकीपर होता. सामन्याआधी तो त्या पोरावर एकामागून एक असे चेंडू हाणतो, की बघणाऱ्याने दचकावं. शेवटचा चेंडू मात्र अलगद, थेट छातीवर देतो. एकदा मुलीला मध्ये घालून मी त्याला कारण विचारलं.

"आत जाताना हातांना वाटायला हवं, आपल्याला जमतं," तो म्हणाला.

मग सामना सुरू होतो आणि याचे हाल बघवत नाहीत. बाकावर बसल्या बसल्या त्याचा खांदा चेंडूकडे झुकतो, बोटं फाकतात. जन्मभर जे हातांनी अडवलं, ते आता नुसतं बघत बसायचं. ही कसली बढती?

काल मुलीची नोकरीची मुलाखत होती. लहानपणी तिचं गणित मी घ्यायचो, कठीण उदाहरणं घालून रडवायचो. तिच्या आताच्या कामातलं मला ओ की ठो कळत नाही. ती दारात बूट घालत होती. काहीतरी विचारल्याशिवाय मला राहवेना.

"किल्ली घेतलीस का गं?"

"घेतली हो, बाबा." ती हसली आणि गेली.

दार लागलं. मी सोफ्यावर बसलो, उठलो, पुन्हा बसलो. मग हातांकडे लक्ष गेलं. बोटं फाकलेली होती.