सकाळपासूनचं वाक्य

निजामाच्या राज्यात बीडच्या शाळेत आम्हाला इंग्रजी उर्दूतून शिकवायचे. मराठी तोंडातून निघाली की छडी बसायची. एकदा मास्तर म्हणाले, सकाळपासून जे अजून चालूच आहे, त्याचं इंग्रजी वाक्य करा. खिडकीतून समोरची तहसील कचेरी दिसायची. तिथं माझे वडील सकाळीच अर्जी घेऊन आले होते. साहेबाच्या दारात वहाणा घालायच्या नाहीत, असला मेला रिवाज. म्हणून ते भर उन्हात अनवाणी उभे होते. मी त्याचंच वाक्य केलं. मास्तर लई खूश झाले. त्यांनी मला ते वर्गापुढं दहादा म्हणायला लावलं. मी म्हणत होतो आणि वडील तिथंच उभे होते.

संध्याकाळी गावाकडं चालताना त्यांनी विचारलं, "इंग्रजीत काय शिकलास रं आज?"

तेवढं एक वाक्य मराठीत सांगायला माझी जीभ रेटेना.