सावित्री म्हणून कोण हाक मारील

दवाखान्यात कंपाउंडरने नाव पुकारलं की काळेकाकू पहिल्या हाकेला उठत नसत. ‘सावित्री काळे!’ अशी हाक यायची आणि काकू मांडीवरची पिशवी सारखी करत समोरच्या भिंतीकडे बघत राहायच्या. ‘सावित्री काळे! हैं कि गईं?’ अशी दुसरी, चिडलेली हाक आली की मग सावकाश उठायच्या. दर महिन्याला बी.पी. तपासायला मी त्यांना घेऊन जात असे, म्हणून हे बरेचदा पाहिलं. ऐकू कमी येत असेल, असं मी धरून चाललो होतो. पण आमच्या दोन घरांत एकच भिंत होती आणि माझ्या कुकरच्या शिट्ट्या त्या पलीकडून मोजत. ‘भिया, दोनच झाल्या. डाळ कच्ची राहणार,’ असं दारात येऊन सांगत; आमच्या या हिंदी शहरात भाऊ म्हणायचं तर ‘भिया’च म्हणतात.

काकूंनी तीस वर्षं हिंदी प्राथमिक शाळेत शिकवलं. मुलांना त्या मैडम, गल्लीला काकू, दूधवाल्याला अम्माजी. मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम करतो, म्हणून सकाळी माझ्या चुकांचा हिशेब देणं हा त्यांचा हक्क होता. शोकवार्तांचं पान त्या सगळ्यात आधी वाचत. एकदा म्हणाल्या, ‘तुमच्या पेपरात बरं असतं. मेल्यावर का होईना, बाईला पूर्ण नाव मिळतं.’ मला तो विनोद वाटला. मी हसलो, त्याही हसल्या.

नावाची गोष्ट त्यांनी एका दुपारी मटार सोलताना सांगितली. त्यांचे यजमान पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात फिटर होते. काकू अडतीस वर्षांच्या असताना ते कावीळ होऊन वारले. सतरा दिवस इस्पितळात होते. गेले ते वटपौर्णिमेच्या आठ दिवस आधी. तेराव्याला जेवणं उरकल्यावर थोरल्या नणंदेने, शकूवन्संनी, सगळ्यांच्या देखत म्हटलं, ‘नाव सावित्री, आणि हिला यमाने विचारलंसुद्धा नाही.’

‘त्यानंतर मग घरात माझं नाव कुणी घेतलंच नाही,’ काकू म्हणाल्या. ‘सासूबाई आधी सावित्री म्हणायच्या, मग ‘अगं ए’ झालं, मग ‘राजूची आई’. काहींनी टोमणा म्हणून टाळलं, काहींनी मला लागेल म्हणून टाळलं. मतलब, एकच झालं ना. माहेरची माणसं होती तोवर ठीक होतं. आता तीही संपली.’

त्यांचा मुलगा राजू आणि सून नेहा विजय नगरला फ्लॅटमध्ये राहतात, दोघंही आयटीत. लग्नानंतर सात वर्षांनी त्यांना मुलगी झाली. बारशाच्या आधीच्या रविवारी ती दोघं बाळाला घेऊन काकूंकडे आली. शकूवन्संही आल्या होत्या. वय वर्षं ऐंशी, कान आणि जीभ दोन्ही शाबूत. मी काकूंच्या गोळ्या द्यायला गेलो तो नेहाने बसवूनच घेतलं. पत्रिकेप्रमाणे अक्षर ‘स’ आलं होतं आणि नेहाच्या मोबाईलमध्ये नावांची यादी होती.

‘जुनी नावं आता परत आलीत, काका. माझ्या टीममधल्या एकीने मुलीचं नाव जानकी ठेवलं. एकदम क्लासिक.’ मग ती काकूंकडे वळली. ‘आई, आपण सावित्रीच ठेवू या ना?’

काकूंच्या हातातला पोह्यांचा चमचा ताटलीतच थांबला. चेहरा उजळला होता. तसा तो मी आधी पाहिलेला नव्हता.

‘नको गं बाई,’ शकूवन्सं म्हणाल्या. ‘ते नाव या घराला लाभलं नाही. पोरीच्या नशिबाला कशाला लावता?’

काकूंनी चमचा खाली ठेवला. ‘वन्सं, नवरा परत आला म्हणून ती सावित्री नव्हती. ती मागे मागे चालत गेली म्हणून सावित्री. मी सतरा दिवस त्या वरांड्यात बसून होते. तुम्ही दोनदा आलात. एकदा डबा घेऊन, एकदा डबा न्यायला.’

नेहाला हसू आवरेना. शकूवन्संनी पदर सारखा केला आणि ‘पोह्यात मीठ कमी आहे’ असं जाहीर केलं. मला वाटलं, निकाल लागला. पण राजू खाली बघत होता.

‘आई, लाभण्याबिभण्याचं सोड. मी रोज घरात कसं म्हणू? सावित्री, दूध पी. सावित्री, मार खाशील. तू समोर बसलेली. आईचं नाव असं तोंडात येतं का?’

‘मी समोर असतानाच म्हण ना,’ काकू म्हणाल्या. ‘नंतर कुणाला ऐकवणार?’

राजू भला मुलगा आहे. आईचं नाव घ्यायचं नाही, हे त्याला आईच्याच घरात शिकवलं गेलं होतं. बाळ रडू लागलं, ते घेऊन तो गॅलरीत गेला. नेहाने मोबाईल पर्समध्ये टाकला.

बारशाला मुलीचं नाव समायरा ठेवलं. काकूंनी पाळण्याची दोरी धरली, पाळणा पूर्ण म्हटला, एकही कडवं चुकल्या नाहीत. परतताना रिक्षात म्हणाल्या, ‘छान आहे नाव. सही है. अर्थ तेवढा मोबाईलला विचारावा लागतो.’ पलासियाचा सिग्नल लागला तेव्हा आपणहून बोलल्या, ‘दवाखान्यात मी लगेच उठत नाही, तुला वाटत असेल म्हातारी बहिरी आहे. तिथे एकटाच माणूस माझं नाव घेतो, भिया. उठलं की संपलं. म्हणून दोनदा घेऊ देते.’

पुढच्या वर्षी राजूची बदली पुण्याला झाली आणि त्याने आईला बरोबर न्यायचं ठरवलं. निघायच्या सकाळी सामान गाडीत चढत होतं. काकू कुलूप लावून माझ्या दारात आल्या.

‘एक काम कर. मला नावाने हाक मार.’

‘सावित्रीकाकू.’

‘काकू काढ.’

मंत्र्यांची आणि आरोपींची नावं मी रोज मथळ्यात एकेरी छापतो. हे नाव काही केल्या निघेना. शेवटी म्हटलं.

‘बातमी वाचलीस,’ काकू म्हणाल्या. ‘हाक अशी नसते. आमचे हे पोलोग्राउंडहून यायचे, तर सायकल लावायच्या आधी खालूनच ओरडायचे. अख्ख्या गल्लीला कळायचं. सासूबाई चिडायच्या.’ माझ्या दंडावर थोपटून त्या कठडा धरत जिना उतरल्या.

मी गॅलरीत गेलो. राजूने त्यांना मागच्या सीटवर बसवलं, नेहाने बाळ मांडीवर दिलं. गाडी सुरू झाली तेव्हा मी ओरडलो, ‘सावित्री!’ या वेळी आवाज मोठा निघाला. पण काचा वर होत्या. गाडी कोपऱ्यावर वळून गेली.

समोरच्या गॅलरीत शर्माजी दात घासत उभे होते. ब्रश तोंडातून काढून त्यांनी विचारलं, ‘किसको बुला रहे हो, भिया?’

‘किसी को नहीं,’ मी म्हणालो.