चिंचेने घासलेलं पितळ

आज आमटीसाठी चिंचेची बरणी उघडली आणि त्या आंबट वासानेच जुनी गोष्ट आठवून डोकं तापलं. इंग्लंडमधलं ब्रिस्टलचं जुनं घर, बाहेर रिपरिप, आणि मागच्या काचेच्या कॉन्झर्व्हेटरीत मी नेमबाजीच्या क्लबमधून आणलेली काडतुसांची रिकामी पितळी नळकांडी निवडत बसलेला. पिस्तुलांवर तिथे कायद्याने केव्हाच बंदी आली होती, पण पिस्तुलाचीच काडतुसं माझ्या लायसन्सच्या रायफलला चालायची. चांगली नळकांडी दारू-गोळी घालून पुन्हा भरायची, तडा गेलेली टाकायची, नाहीतर बार काढताना गालाशी फुटायची. केसाएवढ्या चिरा उजेडात शोधून वाईटावर काळ्या मार्करने फुली मारण्यात अख्खी सकाळ गेली. जेवून परत येतो तर सगळी नळकांडी एकाच टॉवेलवर सोन्यासारखी चकाकत होती, आणि पुण्याहून आलेल्या सासूबाई चिंचेचे हात पदराला पुसत उभ्या. "अहो, घरातलं पितळ असं काळं ठेवू नये. काहींवर तर फुल्या होत्या, त्या मी दोनदा घासल्या." जावयाने सासूवर ओरडायचं कसं? दात आवळून "छान झाली हो" म्हणालो. बायको सिंककडे तोंड करून हसत होती. त्या चकाकीत एक चीर दिसेल तर शपथ. शेवटी सगळीच गुपचूप भंगारात टाकली. पुढे क्लबही सुटला, पण सासूबाईंच्या बॅगेतून अजून दर खेपेला "तुमच्या पितळाला" म्हणून किलोभर चिंच निघते, आणि आता खरं सांगायला जावं तर माझंच पितळ उघडं पडायचं.