भज्जी म्हणजे भजी नव्हे

विमलजींचं नाव आधी लिहिते. इंदूरच्या परदेशीपुऱ्यात मी ज्या शिलाई कारखान्यात काम करते, तिथे त्या माझ्या शेजारच्या मशीनवर बसतात. त्यांचे आजोबा महूला फौजेत होते, तेव्हापासून घर इकडचंच. मराठी बोलतात, पण निम्मी हिंदी. त्या नसत्या तर मी आज इंदुरात नसते.

मी लातूरकडची. शाळा आठवीत सुटली, म्हणून लिहिताना भीती वाटते. चुकलं तर सांभाळून घ्या. आमच्याकडे ऐन थंडीत वेळ अमावास्या येते. त्या दिवशी गावात माणूस सापडत नाही, सगळे शेतात जेवायला. यंदा मला सुट्टी मिळाली एका दिवसाची. तेवढ्यात लातूर कसं होणार? आईला फोनवर सांगून टाकलं, "मन लागत नाही. कायमचीच येते." एकदा परत गेले की मला पुन्हा एवढ्या लांब कुणी सोडणार नाही, हेही कळत होतं.

विमलजींनी विचारलं, "अमावसला काय खाता गं तुम्ही?"

"भज्जी. शेतात बसून."

"बस, एवढंच? सांवेरला माझी सहेली आहे, गीता. तिचं खेत आहे. चल."

सकाळी बसमध्ये बसलो. शहर संपलं तसा दोन्ही बाजूंना कोवळा गहू लागला, आणि मला आपलं उतरायचं ठिकाण गेलं की काय अशी धाकधूक. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा कंडक्टर हसला, "दीदी, सांवेर कहीं भाग नी रिया."

उतरल्याबरोबर विमलजी एका गाडीकडे गेल्या आणि गरम मेथीची भजी कागदात घेऊन आल्या. वर तळलेली मिरची. "घे, तुझी भज्जी! शेतात बसून खाऊ."

एवढ्या मायेने आणलेली, नाही कसं म्हणू? एक तोंडात घातलं. कुरकुरीत होतं, चांगलं होतं, पण दुसरं उचललं नाही.

"तिखट लागलं?"

"नाही. आमची भज्जी तळत नाहीत. तुरीचे-हरभऱ्याचे ओले दाणे, पालेभाज्या, डाळीचं पीठ, सगळं एकत्र शिजवतात."

"अगं बाई! आणि मी सकाळपासून भजियेवाला शोधतेय! बोलायचं ना बेटा!" त्या इतक्या हसल्या की गाडीवाल्यालाही हसू आलं.

गीताबाईंच्या शेतात हरभरा होता, वाटाणा होता, मेथी आणि पातीचा लसूण होता. तूर मात्र नव्हती. भज्जी मी जन्मभर खाल्ली, केली कधीच नाही. शेवटी आईला फोन लावून बांधावर ठेवला. तीन दगडांची चूल पेटली.

विमलजींनी फोनात तोंड घातलं, "ताई, इमली कित्ती?"

"अंदाजानं," आई म्हणाली.

"अंदाज म्हणजे कित्ती?"

"हाताला कळतंय की बाई."

"माझ्या हाताला फक्त कॉलर कळते, ताई!"

आंबील (ताकात शिजवलेलं ज्वारीचं पीठ) करायला ज्वारी नव्हती. गीताबाईंनी मक्याचं पीठ काढलं. ढवळताना म्हणाल्या, "अरे, ये तो हमारी छाछवाली राबड़ी है!" आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मी थोडी आंबील उभ्या पिकावर शिंपडली, तर त्यांनी विचारलं, "फसल को भी खिलाते हो? फिर मेहमान को कब दोगे?"

पानं वाढली. भज्जी आईच्यासारखी नव्हती. तुरीच्या दाण्याची गोडी नव्हती, चिंच जरा जास्तच झाली होती. तरी तो वाफेचा वास आला आणि मला आमच्या शेतातली पूजेची कडब्याची खोप दिसली, तिच्यासमोर उकिडवा बसलेला भाऊ दिसला. डोळे भरले. दोघींनी पाहिलं. विमलजींनी फक्त परत वाढलं.

फोन अजून चालूच होता. आई म्हणाली, "मग कधी येतीस? भाऊ घ्यायला येतो म्हणतोय."

"त्याला म्हणावं नको येऊस," मी म्हटलं. "पुढच्या वर्षीच्या वेळ अमावास्येला मीच येते. सुट्टी घेऊन."

आई म्हणाली, "पोटभर जेव."

परतीच्या बसमध्ये विमलजी माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपल्या, आणि मी गाव आठवत राहिले. आठवण काही कमी झाली नाही, उलट वाढली. पण आता ती मला ओढून नेत नव्हती, शेजारी बसली होती.

विमलजी, एका वेळ अमावास्येला तुम्हाला आमच्या शेतात नेईन. तूर घातलेली भज्जी मी माझ्या हाताने करीन, आणि तुम्ही पुरे म्हणालात तरी वाढीन.