परत करायचा मिक्सर

मंडळी, मुरबाडच्या सायबर कॅफेत बसून लिहितोय. आज सकाळी मी मिक्सर परत करायला निघालो होतो. आईचा खांदा दुखतो, म्हणून आणलेला. दुकानदार म्हणाला होता, "घरी वापरून बघा, नाय पटला तर परत आणा."

बाबांना पाट्यावरच्याच वाटणाची चव हवी. पण चव तपासायला रोज बाबाच मिक्सर चालवत होते.

मी खोका काढला, तर बाबा दारात आडवे.

"कुठं नेतोस रे आपला मिक्सर?"

आई हसली. "तुमीच बोललात ना, परत दे म्हणून?"

"तवा तो दुकानदाराचा होता गो!"

वापरलेली वस्तू आपली वाटते आणि मग सोडवत नाही, हे दुकानदाराला पक्कं ठाऊक असणार. फसलो म्हणू की आभार मानू?